कोल्हापुरातलं 'काय भावा' आलं कुठून, आणि ते कुणाला म्हणायचं?

तुमचा प्रश्न असा: नागपूरहून गोकुळ शिरगावच्या एका फौंड्रीत नोकरीला आलोय, इथं जो तो 'काय भावा' म्हणतो. हा 'ब्रो'चा तर्जुमा आहे का, आणि साहेबांना तसं म्हटलं तर चालेल का?

शेवटचं आधी सांगतो. साहेबांना म्हणू नका. त्याचं कारण या शब्दाच्या व्याकरणातच आहे.

विंचू-विंचवाला, नातू-नातवाला, तसं भाऊ-भावाला. मराठीत एकेरी हाक मारताना शब्द असाच बदलतो: मुला, मित्रा, गड्या, लेका. 'भावा' त्याच रांगेतला. पण मान द्यायचा असला की आपण शब्दाला धक्का लावत नाही. 'भाऊ, बसा', 'भाऊंना विचारा'. तिथं भाऊ हे नाव होतं, पदवी होते. तुमच्या नागपुरातलं 'का भाऊ' हे त्या न बदललेल्या भाऊचं, म्हणून ते अनोळखी माणसालाही चालतं. आमचा भावा 'तू'च्या घरचा. 'भावा, बसा' असं मी कोल्हापुरात कधी ऐकलं नाही. 'भावा, बस की' मात्र दिवसातून दहादा ऐकतो.

म्हणून 'ब्रो'चा तर्जुमा म्हणणं मला पटत नाही. इंग्रजी शिकलेल्या पोरांनी त्याला नवी झळाळी दिली, मोबाइलवर तो महाराष्ट्रभर गेला, हे खरं. पण रूप अस्सल मराठी आहे आणि घडण जुनी आहे.

माझं लहानपण शिवाजी पेठेत गेलं. चाळीस वर्षांपूर्वी आमच्या गल्लीत 'काय मर्दा'चा जोर जास्त होता. मर्द हा फारसी शब्द. आदिलशाही अमलात पन्हाळ्यापासून खालच्या मुलखापर्यंत फारसीतून आलेले कितीतरी शब्द मराठीत मुरले, तसाच हाही. आणि हाकेत त्यानं मराठी आकार घेतला, मर्दा. तालमीतला 'वस्ताद'ही फारसीतूनच आलेला. गंगावेशीत कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध प्यायला जमलेली पैलवान पोरं एकमेकांना हाक मारायची ती मर्दा, लेका, भावा अशीच.

तालमीचं नाव उगाच घेत नाही. कोल्हापुरात तालीम म्हणजे नुसता आखाडा नव्हे. पेठेतल्या पोरांचं ते दुसरं घर. फुटबॉलचा संघ तिचा, गणपती तिचा, भांडणही तिचं. कित्येक तालमींत गणपती बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात. लाल मातीत उतरल्यावर समोरच्याचं आडनाव विचारायला वेळ नसतो. 'भावा'ला इथं जो जोर आला तो या मातीतून आला, असं माझं मत आहे. शाहू स्टेडियमवर सामना असला की ते नीट ऐकू येतं. पाटाकडील तालीम आणि दिलबहार समोरासमोर असल्या की गॅलरीत शेजारी बसलेला अनोळखी पोरगाही 'भावा, सरक की जरा' म्हणतो, आणि आपण सरकतो.

आता गावाकडची बाजू. आमच्या जिल्ह्यात भाऊ म्हटलं की मागोमाग 'भावकी' येते. भावकी म्हणजे एका पूर्वजाची सगळी घरं. लग्नात मानाला पहिली, अन् उसाच्या बांधावरून भांडायलाही पहिली. माझ्या आजोबांचा आणि त्यांच्या चुलतभावाचा बांधाचा दावा कोर्टात वर्षानुवर्षं चालला. दोघं समोरासमोर आले तरी 'रामराम'च्या पुढं शब्द जायचा नाही. मित्राला 'भावा' म्हणताना यातलं काहीच मध्ये येत नाही. जन्मानं मिळालेल्या भावात वाटणी असते. हाकेनं जोडलेल्या भावाशी बांध सामाईक नसतो. मला हा शब्द आवडतो तो यासाठी.

आजोबांच्या पिढीचा नमस्कार म्हणजे रामराम. वाटेत थांबायचं, हात छातीशी न्यायचा, 'रामराम पावणं' म्हणायचं. जोतिबाच्या वाटेवर 'चांगभलं'. पण जुने नमस्कार माणसाची पायरीही सांगायचे. महार समाजाच्या माणसानं 'जोहार' म्हणायचं अशी रीत होती. चोखोबांच्या अभंगात ती 'जोहार मायबाप जोहार' अशी उमटली आहे. १९२० च्या मार्चमध्ये आजच्या हातकणंगले तालुक्यातल्या माणगावला परिषद झाली, शाहू महाराज आणि डॉ. आंबेडकर एका मांडवात बसले. पुढं 'जय भीम' आला आणि वाकून करायच्या जोहाराच्या जागी ताठ मानेचा नमस्कार मिळाला. नमस्कार बदलतो तेव्हा उभं राहणंही बदलतं. 'भावा'ला असा इतिहास नाही, पण त्यात वरखाली नाही एवढं खरं.

मग मोठ्यांना काय म्हणायचं? इथं कानडी मदतीला येते. निपाणी आमच्यापासून तासाभरावर. बाजारात, अंबाबाईच्या रांगेत कानडी कायम कानावर पडते. कानडीत अण्णा म्हणजे थोरला भाऊ, अक्का म्हणजे थोरली बहीण. दोन्ही शब्द आम्ही घरचे करून टाकलेत. आमच्या जिल्ह्यातल्या कुंभोजला जन्मलेले कर्मवीर भाऊराव पाटील बघा: नावात भाऊ, आणि लोकांची हाक अण्णा! दोन भाषांतला भाऊ एकाच माणसात. तुमचे फोरमन वयानं मोठे असतील तर 'अण्णा' किंवा 'मामा' म्हणा, चुकणार नाही. साहेबांना 'सर'.

बायकांचं विचाराल तर कॉलेजच्या पोरी एकमेकींना बिनदिक्कत 'काय भावा' म्हणतात. बाहेरच्यांना नवल वाटतं, आम्हाला नाही. इथल्या बायका 'मी जेवलो', 'मी येतो' असं सहज बोलतात, तेव्हा हाकेतल्या लिंगाचं कुणाला काय!

बाकी महाराष्ट्रात खानदेशात 'काय भो', साताऱ्याकडं 'काय लका', पुण्यात 'काय राव'. सगळीकडं 'काय' आहेच, आणि तो प्रश्न नाही. 'काय भावा'ला उत्तर म्हणून तब्येतीचा पाढा वाचायचा नसतो. 'निवांत' म्हणायचं, नाहीतर उलट 'काय भावा' म्हणायचं आणि पुढं जायचं. 'काय करालायस?' असं पुढं आलं तर मात्र तो थांबलाय, आता चहा होणार.

एक जपा. जवळचे मित्र या हाकेला शिवी जोडतात, प्रेमानंच. ती ऐकून लगेच उचलू नका. 'भावा' पहिल्या आठवड्यात चालेल, बरोबरीच्या कामगारानं तुम्हाला आधी म्हटल्यावर. शिवीला वर्ष-दोन वर्षं जाऊ द्यात. तोवर सुट्टीच्या दिवशी पहाटे गंगावेशीत या, दुधाचा ग्लास हातात घ्या आणि नुसतं ऐका.