वाचकांचे प्रश्न : फोडणीने वाजणारा आणि रात्री टिकटिकणारा स्मोक अलार्म

प्रश्न : आम्ही ठाण्यात बाराव्या मजल्यावर राहतो. अमेरिकेत असलेल्या मुलीने दोन वर्षांपूर्वी सेलवर चालणारे दोन स्मोक अलार्म आणून दिले. त्यांपैकी स्वयंपाकघराच्या दाराशी लावलेला अलार्म फोडणी दिली की कर्कश वाजतो, म्हणून त्यावर प्लास्टिकची पिशवी बांधली आहे. झोपण्याच्या खोलीतला दुसरा अलार्म आठवडाभर रात्री मिनिटामिनिटाने बारीक आवाज करतो. दिवाणखान्याच्या छतावर बिल्डरने बसवलेलेही एक यंत्र आहे. या सर्वांची निगा कशी राखावी?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ती पिशवी कृपया आजच काढा. झाकलेल्या यंत्रापर्यंत धूर पोहोचत नाही, आणि घरातील मंडळी मात्र आपल्याकडे अलार्म आहे या भरवशावर झोपतात. यात यंत्राचा दोष नसून जागेचा आहे. शेगडीपासून निदान १० फूट अंतरावर, पंख्याचा आणि एसीचा झोत थेट येणार नाही अशा ठिकाणी तो छताला लावावा. तेवढ्याने भागले नाही, तर मागच्या बाजूचा मजकूर वाचावा. आयनीकरण पद्धतीच्या अलार्ममध्ये अमेरिशियम या किरणोत्सारी मूलद्रव्याचा अत्यल्प अंश असतो आणि तळणाच्या सूक्ष्म कणांनीही तो चटकन वाजतो. प्रकाशीय पद्धतीच्या अलार्मच्या आत एक अंधारी कुपी असते. तिच्यात धूर शिरला की प्रकाश विखरून संवेदकावर पडतो. गादी किंवा सोफा धुमसू लागल्यास हा प्रकार लवकर इशारा देतो आणि फोडणीने तुलनेने कमी वाजतो, म्हणून आपल्याकडच्या घरांना मी तोच सुचवेन.

मिनिटामिनिटाने येणारा बारीक आवाज हा बहुधा सेल उतरल्याचा इशारा असतो. रात्री खोली गार झाली की अशक्त सेलचा विद्युतदाब आणखी घटतो, त्यामुळे तो नेमका झोपेच्या वेळी ऐकू येतो. सेल बदलता येत असेल तर वर्षातून एकदा, न चुकता बदलावा. १० वर्षांचा बंदिस्त सेल असेल तर संपूर्ण यंत्रच बदलावे लागते. सेल कोणताही असो, मागे छापलेल्या उत्पादनाच्या तारखेपासून १० वर्षे झाली की अलार्म निवृत्त करावा, मग तो कितीही जोरात वाजत असो. (मुलगी पुढे विजेवर चालणारा अलार्म पाठवणार असेल तर तिला थांबवा, तो १२० व्होल्टसाठी बनवलेला असतो आणि आपल्याकडे २३० व्होल्टचा पुरवठा आहे.)

महिन्यातून एकदा चाचणीचे बटण दाबावे. सहा महिन्यांतून एकदा व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ ब्रशने वरची धूळ आणि जळमटे काढावीत, कारण धूळ आणि आत शिरलेले किडे ही विनाकारण वाजण्याची नेहमीची कारणे आहेत. ओले फडके किंवा झुरळांचा फवारा त्याच्याजवळ नेऊ नये. घराला रंग देताना त्यावर रंग चढू देऊ नये. उदबत्ती धरून परीक्षा घेण्याचीही सवय नको. तिची काजळी आत साचते.

दिवाणखान्यातील यंत्र निराळे आहे. ते बहुधा इमारतीच्या मुख्य पॅनेलशी तारेने जोडलेले असते आणि त्याला स्वतःचा भोंगा नसतोच. ते स्वतः उघडू नये. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार परवानाधारक संस्थेकडून तपासणी करून घेऊन जानेवारी आणि जुलै महिन्यांत ‘नमुना ब’ प्रमाणपत्र, म्हणजे इमारतीची अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला, सादर करावयाचे असते. सोसायटीच्या सचिवांकडे ते मागा, आणि पुढील तपासणीच्या वेळी आपल्या घरातले यंत्र आपल्यासमोर धूर देऊन तपासण्याचा आग्रह धरा.

प्रश्न : वडील रात्री श्रवणयंत्र काढून ठेवतात. त्यांना अलार्म ऐकू येईल का?
— एक वाचक

उत्तर : कदाचित नाही. बहुतेक अलार्मचा स्वर उंच पट्टीतला असतो आणि वयोमानाने नेमके तेच स्वर आधी ऐकू येईनासे होतात. रात्री त्यांनी श्रवणयंत्र काढल्यावर, दार लावून, चाचणीचे बटण दाबून पाहा. ते जागे झाले नाहीत, तर उशीखाली ठेवण्याचे थरथरणारे जोडयंत्र घ्यावे. ते मिळेपर्यंत एक अलार्म आपल्या खोलीत आणि एक त्यांच्या खोलीत लावून, त्यांना उठवून बाहेर आणण्याची जबाबदारी घरातील एकाच व्यक्तीकडे नावानिशी सोपवावी.