टेकडीवर झाडं लावणाऱ्या गटाची धुरा हाती घेताना

पहिल्याच पावसाळ्यात 200 खड्ड्यांचा संकल्प करू नका. आधी हिशोब मांडा. फेब्रुवारी ते मे दर आठवड्याला रोपामागे निदान 10 लिटर पाणी लागतं. एक माणूस 5-5 लिटरचे दोन कॅन घेऊन आठवड्यातून दोनदा टेकडी चढला, तर त्याच्याकडून दोनच झाडं जगतात. उन्हाळ्यात नेमाने येणारे 15 असतील, तर खड्डे 30. जुलैत फोटोला येणारी गर्दी यात धरायची नाही!

वनखात्याची लेखी परवानगी मेच्या आत हवी. दोन फुटी खड्डे मेमध्येच खणून उन्हात तापू द्यावेत. पाऊस नीट लागला की कडुनिंब, करंज, बहावा लावा.

गट मोडतो तो बहुधा एकाच माणसाकडे चाव्या, हिशोब आणि ग्रुपची सूत्रं असल्यामुळे. पाणी, अवजारं, पैसे वेगवेगळ्यांकडे द्या. प्रत्येकाला एक बदली माणूसही ठरवा. रोपांना नंबर द्या, दर जूनला जिवंत किती ते मोजून सगळ्यांना कळवा, मेलेलीसुद्धा. लोक टिकतात ते या आकड्यासाठी. आणि दिवाळीनंतर गवत वाळायच्या आत रोपांभोवती मीटरभर जागा साफ करा, नाहीतर एका वणव्यात तीन वर्षं जातात.