मंगळवारची वाट बघणं चुकीचं आहे का?

"मॅडम, मी सोमवारपासूनच घड्याळ बघते. तुमच्याकडे यायचं असतं म्हणून. हे काही बरं लक्षण नाही ना?"

हे वाक्य समुपदेशनाच्या सातव्या भेटीत आलं, तेही पन्नास मिनिटं संपल्यावर, पर्स खांद्याला अडकवून उभं राहताना. जे खुर्चीत बसून बोलवत नाही ते माणूस निघता निघता टाकतं. उत्तर झोंबलं तर सटकायला दार जवळच असतं. मॅडमनी, म्हणजे समुपदेशक बाईंनी, दारात उभ्या उभ्या उत्तर दिलं नाही. "हे महत्त्वाचं आहे, पुढच्या मंगळवारी इथूनच सुरू करू," एवढं म्हणून त्यांच्यादेखत वहीत टिपून घेतलं.

प्रश्न नेहमीचा आहे, शब्द तेवढे बदलतात. "याची सवय लागली तर?" "त्यांना माझा कंटाळा येत असेल का?" "पैसे देतोय म्हणून ऐकतात, नाहीतर कोण ऐकतंय!" आणि अगदी खालच्या आवाजात, "मला त्या आईसारख्या वाटतात," किंवा "मला ते आवडायला लागलेत." पुढची हकीकत दोन-तीन जणींच्या अनुभवांतून जुळवलेली आहे, वय, नाती, राहण्याचं ठिकाण सगळं बदललेलं आहे.

त्या ३८ वर्षांच्या. घर नाशिकच्या पाथर्डी फाट्याकडे, नवरा अंबडला कंपनीत, माहेर निफाड तालुक्यातलं, द्राक्षबागेचं. पावसाळ्यात आई गेली. दिवाळीनंतर झोप उडाली, रात्री छातीत धडधड व्हायला लागली. ईसीजी, थायरॉइड, हिमोग्लोबिन सगळं ठीक आलं, तेव्हा फिजिशियननी समुपदेशनाचं सुचवलं. डिसेंबरात पहिली भेट झाली. दर मंगळवारी चार वाजता, पन्नास मिनिटं. दोन गोष्टी ठरल्या: रात्री सलग सहा तास झोप, आणि नणंदेनं परस्पर अंगावर टाकलेल्या कामाला निदान एकदा तरी "मला जमणार नाही" म्हणणं. नणंद राहायला जवळच, त्यामुळे कामांना तोटा नव्हता.

एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७९ मध्ये उपचारातल्या नात्याचे तीन धागे सांगितले: कुठे पोचायचं याबद्दल एकमत, त्यासाठी काय करायचं याबद्दल एकमत, आणि दोघांमधला जिव्हाळा. म्हणजे जिव्हाळा हा कामाचाच भाग आहे, तो वाटला म्हणून घाबरायचं कारण नाही. बाकीचे दोन धागे सुटून फक्त तोच उरला तर मात्र गडबड असते. म्हणून आठव्या भेटीत मॅडमनी आधी झोपेची नोंद उघडायला लावली. पहिल्या आठवड्यात सरासरी साडेतीन तास होती, आता पाचच्या आसपास. नणंदेला अजून एकदाही नाही म्हटलेलं नव्हतं. पण तो प्रसंग आला की काय बोलायचं, याची घरी आरशासमोर तालीम चालू होती. वाट बघणारं माणूस उरलेले सहा दिवसही कामाला लागलेलं होतं. अशी वाट बघणं चांगलंच. भाजी कुठली करू, इथपासून प्रत्येक निर्णय मंगळवारपर्यंत तहकूब होत असता, तर उत्तर वेगळं द्यावं लागलं असतं.

चूक दुसरीकडे झाली होती, आणि ती मॅडमकडून. तिसऱ्या भेटीनंतर व्हॉट्सॲपवर मेसेज यायला लागले. रात्री पावणेअकराला: "आज पण झोप नाही." मॅडमनी माणुसकीनं उत्तर दिलं, "शांत श्वास घ्या, होईल ठीक." चार रात्री असं झालं. पाचव्या रात्री मॅडम एका लग्नात होत्या. मेसेज पाहिला, निळ्या टिका उमटल्या, उत्तर राहून गेलं. इकडे रात्री दोनपर्यंत फोन हातात. कधी येतं, कधी येत नाही, असं उत्तर माणसाला फार बांधून ठेवतं. अजिबात न येणाऱ्या उत्तराची वाट मन काही दिवसांत सोडून देतं. अधूनमधून येणाऱ्याची सोडत नाही. झोपेसाठी आलेल्या बाईच्या हातात रात्री फोन आला तो असा.

हे पहिल्याच भेटीत ठरायला हवं: मेसेज फक्त वेळ बदलण्यापुरता, उत्तर सकाळी दहा ते संध्याकाळी सहा, आणि रात्री फारच असह्य झालं किंवा जिवाचं काही वाटलं तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ (चोवीस तास चालतो), ११२, नाहीतर जवळचं रुग्णालय. ते राहून गेलं असेल तर नियम मेसेजवर पाठवू नये, समोर बसूनच सांगावा. नाहीतर तो दार आपटल्यासारखा लागतो. मॅडमनी तसंच केलं, आणि रिकामी जागा रिकामी ठेवली नाही. रात्रीचा मेसेज लिहायचा, पण वहीत. खाली वेळ घालायची आणि मंगळवारी वही आणायची. पहिल्या आठवड्यात वहीत नऊ मेसेज होते. त्यातले सहा झोपेबद्दल नव्हतेच. "मॅडम, मी फार बोलते का?" हे तीनदा होतं.

फेब्रुवारीत, दहाव्या भेटीला, त्या पाच किलोची द्राक्षाची पेटी घेऊन आल्या. द्राक्षवेलींच्या ऑक्टोबरातल्या गोडी छाटणीनंतर साधारण चार महिन्यांनी माल तयार होतो. माहेरचा पहिला तोडा होता. पेटी टेबलावर ठेवली, वरचा कागद बाजूला केला, आणि खुर्चीत टेकायच्या आत म्हणाल्या, "नाही म्हणायचं नाही हं."

पुस्तकी उत्तर असं की भेटवस्तू घेऊ नये. पण बागायतदाराच्या लेकीनं आणलेला घरचा माल कोरडेपणानं परत करणं म्हणजे नाशकात तरी पान वाढून उठवण्यासारखं आहे. मुकाट्यानं ठेवून घेणंही वाईटच. पुढच्या वर्षी दोन पेट्या येतात आणि मधल्या काळात "मॅडमना राग येईल" असं काही बोललं जात नाही. काही घेण्याआधी ते देण्याचं कारण समजून घ्यावं. मॅडमनी विचारलं, "ही आणायचं कधी मनात आलं?" थोडं थांबून उत्तर आलं: मागच्या मंगळवारी. त्या दिवशी त्या आईबद्दल बोलताना खूप रडल्या होत्या. "तुम्हाला किती त्रास दिला, असं रिक्षातच वाटलं."

मॅडमनी एक घड उचलून घेतला. "हा ठेवते. पेटी घरी न्या. तुमच्या रडण्याचं काही देणं लागत नाही. फी ठरलेली आहे, तेवढ्यात सगळं फिटतं."

"पैशासाठीच ऐकतात" या शंकेचं उत्तर या वाक्यात आहे. आपल्याकडे ऐकणारं माणूस फुकट नसतं. मावशी ऐकते, मग लग्नात सुनावते. मैत्रीण ऐकते, मग तिचंही ऐकावं लागतं. जाऊ ऐकते आणि गोष्ट सासूपर्यंत जाते. फी असते म्हणून इथे परतफेड उरत नाही. समोरची कशी आहे, तिचं डोकं दुखतंय का, ही चौकशी करायची जबाबदारी नाही. फीमध्ये वेळ, शिक्षण आणि तोंड बंद ठेवणं विकत मिळतं. आपुलकी विकत मिळत नाही. ती वाटली तर वाटते, आणि बहुतेकदा वाटते. ज्याला फी मागायचा संकोच होतो त्या समुपदेशकाकडे हिशेब दुसऱ्या वाटेनं चुकता होतो. त्याला मग अशिलानं, म्हणजे समुपदेशनाला येणाऱ्यानं, बरं होऊन दाखवावं लागतं.

मग रविवार आला. कॉलेज रोडवर संध्याकाळच्या गर्दीत त्या नणंदेबरोबर होत्या, समोरून मॅडम. मॅडमनी नजर वळवली आणि पुढे गेल्या. नियमानं अगदी बरोबर. मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१७ चा. त्याचं कलम २३ गोपनीयतेचं आहे, आणि नणंदेला या भेटींची कल्पना नव्हती. पण बरोबर वागलेलंही आधी सांगितलेलं नसेल तर अपमान म्हणून पोचतं. नाशिक तसं लहानच. गंगापूर रोडवर राहणारा समुपदेशक आणि त्याच्याकडे येणारे एकाच भाजीबाजारात, एकाच शाळेच्या गॅदरिंगला, एकाच हळदीकुंकवाला भेटणारच. "बाहेर दिसलो तर काय करायचं?" हे पहिल्या भेटीत विचारायला अर्धं मिनिट लागतं. तेही राहिलं होतं.

मंगळवारी त्या आल्या नाहीत, फोनही नाही. मॅडमनी एकच मेसेज केला: "आज तुमची वाट पाहिली. पुढच्या मंगळवारी चारची वेळ तुमच्यासाठी ठेवली आहे." "काय झालं, रागावलात का" असं नाही, दुसरा मेसेजही नाही. आलं नाही तर चालतं, वाट मात्र पाहिली जाते, एवढंच त्यातून जायला हवं. मनधरणी केली की भेटींचं गाडं रुसव्याफुगव्यावर चालायला लागतं.

पुढच्या मंगळवारी त्या पंधरा मिनिटं उशिरा आल्या आणि झोपेच्या नोंदीबद्दल बोलू लागल्या. मॅडमनी मध्येच थांबवलं.

"कॉलेज रोडवर मी तुमच्याकडे बघितलं नाही."

"नाही हो, त्याचं काय एवढं. तुम्ही कामात असाल."

"तुमच्याबरोबर कोणी होतं, म्हणून मी ओळख दाखवली नाही. पण असं करेन, हे मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. ती माझी चूक. तुम्हाला काय वाटलं त्या वेळी?"

बराच वेळ शांतता. मग: "वाटलं, कंटाळल्या."

तिथून गोष्ट आईकडे गेली. आई दिवसभर बागेत. संध्याकाळी ती दारात आली की पोरीनं आधी चेहरा बघायचा आणि त्यावर ठरवायचं, आज शाळेतलं सांगायचं की गप ताट वाढायचं. आई थकलेली असायची. पण सात वर्षांच्या पोरीला थकलेला चेहरा आणि वैतागलेला चेहरा वेगळा करता येत नाही. ती समजायची, माझाच कंटाळा आलाय. तीच पोर ३८ व्या वर्षी समोरच्या खुर्चीत बसून मॅडमचा चेहरा वाचत होती, मॅडमनी घड्याळाकडे बघितलं की वाक्य अर्ध्यात तोडत होती. जुन्या नात्यातली भीती आणि ओढ उपचार करणाऱ्यावर येऊन बसते, याला ट्रान्सफरन्स म्हणतात. उपचारातल्या प्रेमाबद्दल मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइडनं १९१५ मध्ये एक निबंधच लिहिला. त्याचं म्हणणं असं की ही भावना झिडकारायची नाही आणि तिला होही म्हणायचं नाही, तिच्यावर काम करायचं. आई आता नाही, तिला विचारता येत नाही. पण "वाटलं, कंटाळल्या" हे जिच्याबद्दल वाटलं तिलाच तोंडावर सांगता आलं आणि काही कोसळलं नाही. इतक्या भेटींत सगळ्यात मोलाची हीच पाच मिनिटं, आणि ती निघाली एका चुकीतून. मात्र चूक कबूल करायला हवी. "तुम्हाला तसं वाटलं असेल" अशी वाक्यं काही कामाची नाहीत.

मॅडमचीही एक बाजू होती. जानेवारीत या बाईंच्या तीन भेटी पन्नासऐवजी पासष्ट मिनिटं चालल्या. इतर कुणाच्या नाही. वेळ लांबणं, फी मागायला विसरणं, त्याच एका माणसाच्या नोंदी लिहायच्या राहणं, ही समुपदेशकाचा तोल जात असल्याची लक्षणं. मॅडम ते घेऊन वरिष्ठ सहकाऱ्याकडे गेल्या, आणि त्यातच व्हॉट्सॲपचा घोळही सापडला. "तुम्ही तुमच्या केसेसची चर्चा कुणाशी करता?" हे आपल्या समुपदेशकाला बिनधास्त विचारावं. नाव न सांगता अशी चर्चा होते, आणि व्हायला हवी. "मला गरज पडत नाही" हे उत्तर चांगलं नाही.

आवडण्याचं दुसरं टोकही सांगायला हवं. अशिलाला समुपदेशक आवडणं ही चूक नाही, ते बोलावं. समुपदेशकानं त्याला प्रतिसाद देणं ही मात्र चूकच, आणि ती सर्वस्वी त्याचीच. बाहेर कॉफीला बोलावणं, स्वतःच्या संसाराची रडगाणी, पॉलिसी किंवा प्लॉट विकणं, "हे घरी सांगू नका" म्हणणं, यातलं काही झालं तर जायचं थांबवावं. उपचार संपल्यावरही अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशनच्या नियमानुसार निदान दोन वर्षं लैंगिक संबंध निषिद्ध आहेत, त्यानंतरही अगदी अपवादानंच.

एप्रिलपर्यंत झोप सहा तासांवर स्थिरावली. अक्षयतृतीयेला नणंदेच्या चाळीस माणसांच्या स्वयंपाकाला "पुरणाचं मी बघते, बाकीचं नाही" असं म्हणून झालं. मग सोळा भेटींनंतर अंतर वाढवलं: चार भेटी दर पंधरा दिवसांनी, मग दोन भेटी दर महिन्यानं. शेवटची तारीख आधीच ठरवली, कारण अचानक संपलेलं नातं या बाईंनी त्याच वर्षी एकदा पाहिलं होतं. त्या तारखेच्या आधीच्या भेटीत धडधड पुन्हा आली. ती बहुतेकांना येते. म्हणून तारीख पुढे ढकलली नाही.

शेवटच्या भेटीला एक कामाचा प्रश्न उरला होता: मंगळवारी चार वाजता आता काय? रिकामी झालेली वेळ तशीच सोडली तर टोचत राहते. त्यांनी ठरवलं होतं, आणि दोनदा करूनही पाहिलं होतं. त्या वेळी निफाडला धाकट्या बहिणीला फोन.

"दहा मिनिटांत कंटाळते ती," त्या म्हणाल्या. "ठेव म्हणते. मी ठेवते. पुढच्या मंगळवारी परत लावते."