बंदोबस्त खरा असेल, पण तुमचे पैसे कुठे गेले?

इंदूरच्या रामबागेतले एक निवृत्त शिक्षक लिहितात: अंतराळवीरांचं उड्डाण पाहायला आम्ही दोघं फ्लोरिडाला गेलो. टूरचे नऊ लाख झाले, त्यात तळापासून सहा किलोमीटरवर बसण्याच्या जागेचे एक लाख साठ हजार वेगळे लावले होते. आदल्या दिवशी ‘सुरक्षेमुळे ती जागा बंद’ असं सांगून आम्हाला तळापासून दूर, टायटसव्हिल गावाच्या नदीकाठी उभं केलं. आता टूरवाला म्हणतो, अटींप्रमाणे पैसे परत मिळणार नाहीत, आणि भांडायचं तर मुंबईच्या कोर्टात या. नासावर दावा लावता येईल का?

नमस्कार सर,

नासाचा विचार सोडून द्या. त्यांच्याशी तुमचा करार नव्हता, आणि उड्डाण जवळून पाहणं हा कुणाचा हक्क नाही. माणसं घेऊन जाणाऱ्या यानाभोवती कडक पहारा असणारच. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर डिसेंबर २००१ मध्ये नासाचं पहिलं शटल (अंतराळवीर नेणारं यान) सुटलं, तेव्हा आकाशात लढाऊ विमानं गस्त घालत होती, आणि सुटण्याची नेमकी वेळ जेमतेम २४ तास आधी सांगितली गेली. कल्पना चावलांच्या जानेवारी २००३ च्या उड्डाणात इस्राएली अंतराळवीर असल्यामुळे बंदोबस्त आणखी वाढवला होता.

हा इतिहास तुमच्या कामाचा आहे. अशा टूर विकणाऱ्याला जागा बंद होऊ शकते हे ठाऊक असायलाच हवं. पैसे घेताना त्याने ते तुम्हाला सांगितलं होतं का?

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे त्याने ती तिकिटं खरंच काढली होती का. टूरवाल्याला वकिली नव्हे, साधी लेखी नोटीस पाठवा आणि तिच्यात पहिली मागणी हीच करा: खरेदीची पावती दाखवा, तारखेसकट. पावती नसेल, तर सुरक्षेचं कारण आपोआप गळून पडतं. जी जागा घेतलीच नाही ती बंद कशी होईल? पावती असेल, तर जागा बंद झाल्यावर त्याला पैसे परत मिळाले का, ते विचारा. मिळाले असतील तर ते तुमचे आहेत. करार पाळणं अशक्य झालं तरी घेतलेला लाभ परत द्यावा लागतो, असं भारतीय करार कायद्याचं कलम ६५ सांगतं. आणि बुकिंगच्या वेळीच जागा बंद होती व ते त्याला कळू शकत होतं असं निघालं, तर कलम ५६ खाली नुकसानभरपाईही मागता येते.

मुंबईच्या अटीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे इंदूरलाच, तक्रार करता येते. नऊ लाखांच्या व्यवहाराला फी २०० रुपये. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे, ती नोटिशीच्या उत्तराची वाट पाहण्यात घालवू नका.

एक चूक बरेच जण करतात, ती टाळा. ‘पैसे परत नाहीत’ ही अट अन्यायकारक म्हणून रद्द करा, अशी मागणी घातलीत तर प्रकरण भोपाळच्या राज्य आयोगाकडे जाईल. तुम्ही सेवेतली कमतरता आणि अनुचित व्यापार प्रथा एवढंच मांडा.

व्हॉट्सअॅपवरचे संदेश पुसू नका. त्यांच्या छापील प्रतींसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं, प्रमाणपत्र लागेल. तुमचं सगळं बोलणं मराठीत झालंय, म्हणून हिंदी भाषांतरही जोडा.

नऊच्या नऊ लाख मागू नका, सर. तुम्ही फ्लोरिडाला गेलात, हॉटेलात राहिलात, नदीकाठून का होईना उड्डाण पाहिलंत. एक लाख साठ हजार, त्यावर व्याज, आणि वहिनींना व तुम्हाला झालेल्या मनस्तापाची वाजवी रक्कम, एवढंच लिहा. नोटीस याच आठवड्यात स्पीड पोस्टाने पाठवा, पंधरा दिवसांची मुदत देऊन.