राष्ट्रीय रग्बी संघात वशिलेबाजी आहे की निवड नुसती चुकली, हे बाहेरून कसं ओळखायचं?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या क्लबमधला एक फ्लँकर, म्हणजे पुढच्या आठ जणांतला कडेचा खेळाडू, दोन मोसम सगळ्यांना भारी पडतोय, तरी राष्ट्रीय शिबिराचं बोलावणं त्याला येत नाही. हा वशिला समजायचा की निवड समितीचं प्रामाणिक मत, असा तुमचा प्रश्न आहे.

मी बारा वर्षं हूकर म्हणून, म्हणजे पहिल्या फळीच्या मधोमध, खेळलो, त्यातली काही राष्ट्रीय शिबिरांत गेली. माझं मत स्पष्ट आहे. मैदानात उतरणारे पहिले पंधरा बघून वशिला कळत नाही. ते खेळाडू सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असतात, तिथे हात घालायची हिंमत कारभारी सहसा करत नाहीत. सोळा ते तेवीस नंबरच्या, म्हणजे राखीव खेळाडूंच्या, जर्सी बघा. संघाबरोबर विमानात किती अधिकारी चढले ते मोजा. आणि मागच्या वर्षी ज्याने तोंड उघडलं होतं, तो यंदा कुठे आहे ते शोधा. ही तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

एका दौऱ्यातली हकिगत सांगतो. आमचा अठरा नंबर, म्हणजे राखीव टाइटहेड, मुळात लूजहेड होता. हूकरच्या उजवीकडचा प्रॉप टाइटहेड, डावीकडचा लूजहेड. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही प्रॉप सारखेच वाटतात, पण स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून रेटतात तेव्हा, त्यांची कामं फार वेगळी. लूजहेडचं डोकं एका बाजूने मोकळं असतं. टाइटहेडचं डोकं समोरच्या दोघांच्या मधे अडकतं, आणि त्या दोघांचा रेटा त्याच्या मानेवर आणि पाठीवर येतो. म्हणूनच तेवीसच्या संघात पहिल्या फळीत खेळू शकणारे किमान ६ खेळाडू हवेत असा नियम आहे, तिन्ही जागांना बदली मिळावी म्हणून. आमच्या यादीत त्या मुलाच्या नावापुढे कोणीतरी 'दोन्ही बाजू' असं लिहिलं होतं आणि नियमाचं पोट भरलं होतं. तो एका पदाधिकाऱ्याच्या क्लबचा होता.

सामन्याच्या आदल्या रात्री तो माझ्या खोलीत आला. भिंतीला खांदा लावून विचारायला लागला, ''दादा, उजवा पाय किती मागे घेऊ?'' वाईट खेळाडू नव्हता तो. डाव्या बाजूला चांगला खेळायचा. घाबरला होता, आणि 'मला ही जागा जमत नाही' असं सांगायला त्याला माणूस नव्हता.

दुसऱ्या दिवशी मध्यंतरानंतर आमचा टाइटहेड लंगडत बाहेर गेला. रेफरीने 'क्राउच, बाइंड, सेट' म्हटलं, दोन्ही फळ्या भिडल्या, आणि माझ्या उजव्या हाताखालच्या त्याच्या बरगड्या खाली खाली जाताहेत हे मला जाणवलं. हूकरचे दोन्ही हात दोन प्रॉपांभोवती गुंतलेले असतात, पडताना टेकायला हात नसतो. तिसऱ्यांदा स्क्रम कोसळला तेव्हा मी तोंडावर पडलो आणि मानेतून मुंग्या बोटांपर्यंत गेल्या. पिवळं कार्ड त्या मुलाला मिळालं. 'दोन्ही बाजू' लिहिणारा प्रेक्षकांत बसला होता.

खरा राखीव टाइटहेड तेव्हा घरी होता. आधीच्या दौऱ्याचा दैनिक भत्ता मिळाला नाही, म्हणून त्याने लेखी विचारणा केली होती. तेवढ्यावरून त्याचं नाव यादीतून गेलं. वशिला म्हटलं की आपल्याला मर्जीतल्याची वर्णी लागलेली दिसते, पण बहुतेक वेळा सुरुवात दुसऱ्या टोकाने होते. प्रश्न विचारणारा आधी बाहेर जातो, मग त्याची रिकामी जागा भरायला कोणीतरी सापडतो.

आता चुकलेल्या निवडीबद्दल. २०१५ च्या विश्वचषकात इंग्लंडने सॅम बर्जेसला घेतलं. तो रग्बी लीग या वेगळ्या प्रकारातून येऊन वर्षही झालं नव्हतं. बाथ क्लब त्याला फ्लँकरला खेळवत होता आणि राष्ट्रीय संघाने त्याला सेंटरला, म्हणजे मागच्या फळीत मधे, उभं केलं. ल्यूथर बरेलसारखा त्या जागेवरचा खेळाडू संघाबाहेर राहिला. इंग्लंड वेल्सकडून २५-२८ आणि ऑस्ट्रेलियाकडून १३-३३ हरला, आणि गटातच बाद झालेला पहिला एकटा यजमान देश ठरला. खापर बर्जेसवर फुटलं, आणि ते मला पटत नाही, कारण वेल्सविरुद्ध तो वाईट खेळला नव्हता. आठवड्याला एक जागा खेळणाऱ्याला देशाने दुसऱ्याच जागेवर घातलं, तर जाब त्याला तिथे घालणाऱ्याला विचारायचा. याला मी वशिला म्हणणार नाही. प्रशिक्षक स्टुअर्ट लँकेस्टरने निर्णय उघडपणे घेतला आणि त्या वर्षाअखेर पद सोडलं.

याच्या उलट २०२३ ची दक्षिण आफ्रिका बघा. हूकर माल्कम मार्क्स जायबंदी झाला आणि त्याच्या जागी त्यांनी बोलावलं कोणाला, तर फ्लाय-हाफ, म्हणजे डाव चालवणारा आणि किक मारणारा, हांद्रे पोलार्डला. कागदावर वेडेपणाच. अंतिम सामन्यात दुसरा हूकर बोंगी म्बोनाम्बी सुरुवातीलाच बाहेर गेला आणि तेव्हा मुख्यतः फ्लँकरला खेळणाऱ्या डीऑन फूरीला जवळजवळ पूर्ण सामना हूकरला काढावा लागला. लाइनआउटमध्ये, म्हणजे बाहेर गेलेला चेंडू हूकर आत फेकतो तिथे, त्याची किंमत त्यांनी मोजली. पण उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्ध १६-१५ असा विजय देणारी पेनल्टी पोलार्डचीच होती, आणि अंतिम सामन्यात न्यूझीलंडविरुद्ध १२-११ मध्ये आफ्रिकेचे सगळे गुण त्याच्या पायातून आले. त्या सामन्यात त्यांच्या बाकावर सात फॉरवर्ड (स्क्रममधले) आणि एकच बॅक (मागच्या फळीतला) होता. सोळा ते तेवीस नंबरवर एवढा भरवसा खोगीरभरती करणाऱ्या संघाला ठेवताच येत नाही.

वशिला नसतानाही कारभार संघाला बुडवतो, हेही लक्षात घ्या. ऑस्ट्रेलियाने जानेवारी २०२३ मध्ये, विश्वचषकाला आठ महिने उरले असताना, डेव्ह रेनीला काढून एडी जोन्सला आणलं. मायकेल हूपर आणि क्वेड कूपर हे अनुभवी खेळाडू यादीबाहेर गेले आणि फ्रान्सला निघालेल्या संघात जातिवंत फ्लाय-हाफ एकच उरला, कार्टर गॉर्डन. फिजीने २२-१५ हरवलं, वेल्सने ४०-६. ऑस्ट्रेलिया पहिल्यांदाच गटातून बाहेर पडला. ऑक्टोबरअखेर जोन्सने राजीनामा दिला, नोव्हेंबरमध्ये त्याला आणणारे अध्यक्ष हॅमिश मॅक्लेनन यांना जावं लागलं. एका माणसाच्या पसंतीवर सगळा डाव लावला की असंच होतं.

स्पेनचं मला जास्त वाईट वाटतं. २०२२ मध्ये त्यांनी मैदानावर विश्वचषकाची जागा मिळवली होती. मग एक प्रॉप नियमाने अपात्र निघाला, त्याच्या पासपोर्टच्या प्रतीत फेरफार झालेला होता, १० गुण कापले गेले आणि जागा रोमानियाला गेली. त्याच्या आधीच्या पात्रता फेरीतही अपात्र खेळाडूंमुळेच त्यांचे गुण गेले होते. तीस-पस्तीस खेळाडूंनी वर्षानुवर्षं खाल्लेला मार एका कागदाने वाया घालवला, तोही लागोपाठ दोनदा. ज्या पोर्तुगालला त्यांनी मैदानावर मागे टाकलं होतं, तो दुबईतल्या शेवटच्या पात्रता स्पर्धेतून वर आला, अमेरिकेशी १६-१६ बरोबरी करून, आणि विश्वचषकात त्याने फिजीला २४-२३ हरवलं.

विमानातले अधिकारी मोजा म्हणालो, ते सामोआमुळे. २०११ च्या विश्वचषकानंतर कर्णधार माहोनरी श्वाल्गरने अहवाल दिला की काही अधिकाऱ्यांनी त्या दौऱ्याची सहल करून टाकली होती. तो अहवाल बाहेर आल्यावर संघ-व्यवस्थापकाला त्याच्याच गावाने शंभर डुकरिणींचा दंड ठोठावला. संघटनेने घेतला नाही तो हिशोब गावाने घेतला. तरी २०१४ मध्ये पैसे आणि कारभार यावरून खेळाडूंना इंग्लंडविरुद्धच्या ट्विकेनहॅमच्या सामन्यावर बहिष्काराचा इशारा द्यावा लागला. संघटनेचे अध्यक्ष तेव्हा देशाचे पंतप्रधान होते, म्हणजे दाद मागायला वरचं दारच नव्हतं. शेवटी जागतिक संघटना मध्ये पडली. सामना झाला, सामोआ ९-२८ हरला, आणि सामना संपल्यावर दोन्ही संघांनी मैदानावर एकत्र गुडघे टेकून प्रार्थना केली. ते दृश्य मी आजही विसरलेलो नाही.

तेव्हा तुमच्या फ्लँकरबद्दल. त्याच्या जागी घेतलेला खेळाडू क्लबकडून त्याच जागेवर खेळतो का, हे आधी बघा. निवडीचे निकष चाचणीआधी जाहीर होतात की नंतर यादीला साजेसे सापडतात, हे विचारा. चाचणीतल्या धावण्याच्या वेळा आणि टॅकलचे आकडे खेळाडूला दाखवतात का? निवड करणाऱ्यांत क्लबचा पदाधिकारी बसला असेल, तर आपल्या क्लबच्या मुलाचं नाव आल्यावर तो खोलीबाहेर जातो का? नसेल जात, तर पाणी तिथेच मुरतंय. हे सगळं ठीक असूनही तुमचा मुलगा बाहेर असेल, तर ते मत आहे असं मानून त्याला अजून एक मोसम खेळू द्या. समितीला कदाचित लाइनआउटला उडी मारणारा फ्लँकर हवा असेल आणि तुमचा रकमध्ये, म्हणजे जमिनीवरच्या चेंडूभोवतीच्या झटापटीत, चेंडू हिसकावणारा असेल. असं होतं, आणि ते कोणीतरी त्याला नीट सांगितलं तर तो त्यावर कामही करू शकतो.

पण लेखी विचारणा करायची वेळ आली, तर त्याला एकट्याला सही करू देऊ नका. कर्णधाराची घ्या, पहिल्या पंधरातल्या निदान पाच-सहा जणांची घ्या, ज्यांना वगळणं परवडणार नाही अशांची. आमच्या टाइटहेडने भत्त्याचं पत्र लिहिलं तेव्हा ते तो आधी माझ्याकडे घेऊन आला होता. पैसे माझेही अडकले होते. मी वाचलं, बरोबर आहे म्हणालो, आणि परत दिलं. बाकीच्यांनीही तेच केलं. पत्रावर शेवटी त्याचं एकट्याचं नाव होतं.