पट्टी सोडण्याआधीचा एक मिनिट

प्रिय पोरी,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. उत्तर मात्र लिहून पाठवतोय, कारण बोलायला लागलो की मी भरकटतो. तुझा फोन हे तुला त्या सपाट आवाजात, तुझ्या अचाट वेगाने वाचून दाखवेल. माझं शहाणपण तेवढं तरी लवकर संपेल.

तर टीव्हीवाल्यांनी बोलावलंय. घराचा कायापालट करून दाखवायचा कार्यक्रम, आणि डिझायनर तू, डोळ्यांनी न बघता काम करणारी. ‘घेऊ का सर?’ असं विचारलंस. घे. पण ते तुला कशासाठी बोलावतायत आणि तू कशासाठी जाणार आहेस, हे दोन वेगळे हिशेब आहेत. शूटिंगच्या पहिल्याच दिवशी त्यांची गाठ पडणार.

या कार्यक्रमांचा जीव शेवटच्या अर्ध्या मिनिटात असतो. बीबीसीवर १९९६ मध्ये ‘चेंजिंग रूम्स’ सुरू झाला. शेजाऱ्यांनी एकमेकांची खोली बदलायची, दोन दिवस, पाचशे पौंड, आणि शेवटी मालकांनी डोळे मिटून आत यायचं. २००० साली अमेरिकेत त्याचाच ‘ट्रेडिंग स्पेसेस’ झाला, हजार डॉलरचा. २००३ पासून ‘एक्स्ट्रीम मेकओव्हर: होम एडिशन’. सात दिवसांत अख्खं घर, समोर आडवी बस, आणि ‘बस हटवा’ म्हणून ओरडणारी गर्दी. झाकायचं आणि उघडायचं, एवढाच मंत्र. ‘ट्रेडिंग स्पेसेस’मध्ये एका डिझायनरने पोरंबाळं असलेल्या घरात भिंतीला चक्क वाळलेलं गवत चिकटवलं होतं. कॅमेऱ्यात पोत झकास आला असेल, पण त्या भिंतीला पाठ कोण टेकणार? ‘चेंजिंग रूम्स’मध्ये तर टांगलेली शेल्फं मालकिणीच्या जुन्या चहादाण्यांसकट खाली आली. कुणी आधी हाताने ओढून पाहिली होती का, देव जाणे.

हसू नकोस, मीही त्यातलाच. पंधराएक वर्षांपूर्वी एका वाहिनीसाठी ठाण्यातला टू बीएचके चार दिवसांत ‘नवा’ केला होता. घरात ऐंशीच्या पुढच्या आजी होत्या. त्या पहाटे पाचला उठून दिवा न लावता स्वयंपाकघरात जायच्या. डावा हात भिंतीवर, मग फ्रिजची कड, मग ओटा. कॅमेऱ्याला जागा हवी म्हणून आम्ही फ्रिज हलवला, त्या जागी काचेचं अरुंद कन्सोल टेबल ठेवलं आणि स्विचबोर्ड पॅनेलिंगच्या आड नेला. घरच्यांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडली तेव्हा सगळे रडले, मीसुद्धा. आठवड्याने सुनेचा फोन आला. आजींची नडगी फुटली होती, पाच टाके. तो भाग पुढे तीनदा दाखवला म्हणे.

आजींची नजर त्या वयातही ठणठणीत होती, बरं का. पण घरात त्या हातांनीच चालायच्या. आपण सगळेच निम्मा वेळ तसं चालतो. हे मला तेव्हा कळलं नाही, तू ऑफिसला आलीस तेव्हा कळलं.

आरपीमुळे, म्हणजे डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणाऱ्या त्या आजारामुळे, तुझी नजर तेव्हा नळीतून पाहिल्याइतकी उरली होती, वर्षभरात तीही गेली. खरं सांगतो, मला वाटलं होतं की तू आता फाइली आणि फोन सांभाळशील. मग कोथरूडची ती साइट आठवते ना? मिस्त्री म्हणाला, काम फायनल. तू काठीने टाइल्स ठोकत निघालीस, टक, टक, टक, आणि बाल्कनीच्या दाराशी एकदम ‘बद’. थांबलीस. वाकून बोटाच्या पेराने पुन्हा वाजवलंस. चार टाइल्स, खाली माल भरलेलाच नव्हता. सकाळपासून मी त्यांच्यावरून तीनदा गेलो होतो. मिस्त्री आधी फुरफुरला, मग मुकाट्याने छन्नी घेऊन बसला.

ख्रिस डाऊनी तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मेंदूतली गाठ काढताना २००८ मध्ये दृष्टी गेली आणि महिन्याभरात हा आर्किटेक्ट कामावर हजर. नकाशे उठावाच्या प्रिंटरवर काढून बोटांनी वाचतो, त्यावर मेणाच्या काड्या चिकटवून स्वतःची रेघ मारतो. पण मला त्याचं सॅन फ्रान्सिस्कोच्या लाइटहाऊस या अंधांच्या संस्थेतलं काम आवडतं. तिथे कॉरिडॉरला पॉलिश केलेलं काँक्रीट घ्या, असं त्याने सुचवलं. का, तर कुणाची काठी येतेय ते लांबून ऐकू यावं. आपण क्लायंटला ‘फ्लोअरिंग कुठलं?’ विचारतो तेव्हा रंग विचारतो. तो आवाज विचारतो.

आता व्यवहाराचं. ते तुझ्या दृश्यांमागे रडवा पियानो वाजवणार, हे धरून चाल. तुझी काठी स्लो मोशनमध्ये, तुझी आई पदराने डोळे पुसताना. एखादा नटही आणतील, त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून दोन मिनिटं ‘अंध होऊन बघा’ म्हणतील. याला साफ नाही म्हण. दोन मिनिटांत माणूस फक्त घाबरायला शिकतो, तुझी दहा वर्षांची सवय त्याला कुठून येणार?

पण घरच्यांची ती शेवटची पट्टी आहे ना, ती मागून घे. रिवाजाप्रमाणे त्यांना दारात आणतील आणि लगेच पट्टी सोडतील. तू म्हण, पट्टी सोडण्याआधी मला एक मिनिट द्या. माणसं आपल्या घरात आहेत, पायाखालचं ओळखीचं आहे. त्यांना कठड्यावर, ओट्याच्या कडेवर, दाराच्या मुठीवर हात फिरवू दे. हात कुठे अडखळला तर सगळ्यांसमोर दिसेल, आणि तुझीच फजिती होईल. होऊ दे. निर्मात्याला ही जोखीम आवडेल असं माझा अनुभव सांगतो, त्यांना नाट्य हवंच असतं. ही अट करारात लिहून घे, तोंडी काही ठेवू नकोस.

मदतनीस तुझा तू ने, त्याचा पगारही तूच दे. प्रॉडक्शनने दिलेला पोरगा तिसऱ्या दिवशी ‘मॅडमना हा निळा आवडला’ म्हणून परस्पर सांगायला लागेल. रंगाचा प्रश्न मुलाखतीत येणारच. तेव्हा शेडकार्डावरचा एलआरव्ही सांग, शून्य ते शंभर, किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा. भिंत आणि दाराची चौकट यांत तीसेक गुणांचा फरक असला की म्हाताऱ्या डोळ्यांनाही दार सापडतं. आकडा ऐकला की अँकर गप्प होतो.

साइटवर पहिले दोन तास कॅमेरा नको. रिकामं घर आधी ऐक.

आणि आता तुझ्यावर रागावतो. उजेडात तू कमी पडतेस. मागच्या त्या हॉलमध्ये बसायची जागा, कापड, टेबलाची गोल कड, सगळं फर्स्ट क्लास, आणि संध्याकाळी सात वाजता तिथे पेपर वाचता येईना. तुला लागत नाही म्हणून विसरतेस, जसा मी आजींची भिंत विसरलो. खिडकीची दिशा विचार, दुपारी काचेवर तळवा ठेवून ऊन कुठवर येतं ते बघ, लक्स, म्हणजे उजेडाचं माप, बोलून सांगणारं ॲप मिळालं तर घे. टीव्हीचे दिवे गेल्यावर त्या घरात खरा अंधार किती, हे तिथल्या म्हातारीला विचार. म्हातारी नसेल तर रात्री अभ्यास करणाऱ्या पोराला विचार.

पैशाचं बोलायचं राहिलं. त्यांनी सांगितलेला आकडा कमी आहे. भेटलीस की बोलू.

बुधवारी बाणेरच्या साइटवर ओट्याचा ग्रॅनाइट येतोय, उंची कोपरापासून चार इंच खाली धरलीय. दहापर्यंत पोच. कडेवरून तुझा हात फिरल्याशिवाय मी त्याचं बिल पास करणार नाही, आणि ग्रॅनाइटवाला आत्ताच फोनवर फोन करतोय.

तुझा,
सर