विषाणू गेला, मग साखर का घसरतेय?

प्रश्न : डॉक्टर, आम्ही हर्णै बंदरावरचे. आमच्या ह्यांची स्वतःची लाँच आहे, वय ५४, डायबेटिस जुना. हर्नियाच्या ऑपरेशनआधी रक्त तपासलं त्यात हेपेटायटिस सी निघाला, १९८८ साली अपघातात रक्त चढवलेलं त्यातून आला असेल म्हणाले. सोफोसबुविर-वेलपाटास्विरच्या गोळ्या १२ आठवडे घेतल्या, तीन महिन्यांनी टेस्ट केली तर विषाणू नाही. नडगीवर जांभळे ठिपके यायचे ते गेले, सांधेही कमी दुखतात. पण आता पहाटे घाम फुटतो, हात कापतात, एकदा साखर ५८ आली. कोलेस्टेरॉल वाढलंय, पायाच्या मुंग्या तशाच आहेत. सासूबाई म्हणतात गोळ्यांनी अंग पोखरलं, आणि ह्यांचं ताट अजून वेगळं ठेवतात कारण लॅबच्या रिपोर्टवर पॉझिटिव्हच येतंय.

उत्तर : ताई, आधी साखरेचं बोलू कारण ते घाईचं आहे. हा विषाणू फक्त लिव्हरमध्ये गप बसून राहत नाही, त्याच्यामुळे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि साखर चढते, मग विषाणू गेला की बऱ्याच जणांची साखर आपोआप उतरते पण डायबेटिसच्या गोळ्या मात्र जुन्याच डोसमध्ये चालू राहतात. गोळीवर ग्लिमेपिराइड (साखर फार खाली आणू शकणारं डायबेटिसचं औषध) लिहिलंय का बघा, किंवा इन्सुलिन चालू आहे का. असेल तर ह्याच आठवड्यात डॉक्टरांकडून डोस कमी करून घ्या, आपल्या मनाने गोळी बंद नको. तोपर्यंत पहाटे नुसत्या चहावर लाँचवर जाऊ देऊ नका, पेज नाहीतर भाकरी खाऊनच निघू दे. खिशात साखरेची पुडी हवी आणि बरोबरच्या खलाशांना सांगून ठेवा. साखर ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं. आणि शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ किनारा गाठायचा. समुद्रात चक्कर म्हणजे जीवाशी गाठ, म्हणून एवढं सांगतोय.

कोलेस्टेरॉलचं कोडं सोपं आहे. हा विषाणू रक्तातल्या चरबीच्या कणांना चिकटून फिरतो, तो असताना एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, खोटं कमी दिसतं आणि गेल्यावर खरा आकडा समोर येतो. डायबेटिस आहे म्हणजे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) लागेल का ते विचारून घ्या.

जांभळे ठिपके होते असं तुम्ही लिहिलंत ते फार बरं केलंत. बहुतेक तो क्रायोग्लोब्युलिनचा प्रकार असणार, म्हणजे विषाणूशी लढताना तयार झालेली प्रथिनं एकत्र चिकटून बारीक रक्तवाहिन्यांना सूज आणतात, त्यातून त्वचा, सांधे, नसा, किडनी सगळीकडे त्रास होतो. त्वचा लवकर सुधारते, नसा फार हळू, काहींच्या पूर्ण सुधारतही नाहीत. त्यात मुंग्या डायबेटिसच्याही असू शकतात, आणि मेटफॉर्मिन ही डायबेटिसची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी झाल्याच्याही. तेव्हा बी-१२, किडनीसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन एवढं तपासून घ्या. ठिपके परत आले, पायाला सूज आली किंवा मानेत, काखेत गाठ लागली तर थांबू नका, ह्या विषाणूमुळे काही प्रकारच्या लिम्फोमाचा (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा) धोकाही थोडा वाढतो.

म्हणजे सासूबाईंना जे गोळ्यांनी केलं वाटतंय त्यातलं बरंचसं विषाणूने इतकी वर्षं केलेलं आहे किंवा तो गेल्यामुळे बदललंय. ह्या गोळ्यांनी शंभरातले पंचाण्णवहून जास्त लोक बरे होतात. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं महिनोन्महिने घ्यावी लागायची, लोक अंथरूण धरायचे आणि तरी कित्येकांना गुण यायचा नाही, ते बघितलंय म्हणून ह्या गोळ्यांबद्दल मला मनापासून बरं वाटतं. २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात ह्यावरचा उपचार मोफत आहे, वाडीत कुणाला नव्याने निघाला तर कावीळ उतरवणाऱ्याकडे न जाता जिल्हा रुग्णालयात पाठवा.

रिपोर्टवर पॉझिटिव्ह येतं ती अँटीबॉडी, म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेलं प्रथिन, ती बरं झाल्यावरही वर्षानुवर्षं राहते. विषाणू आहे की नाही ते एचसीव्ही (हेपेटायटिस सीचा विषाणू) आरएनए टेस्ट सांगते, त्यांची ती निगेटिव्ह आहे. ताट वेगळं ठेवायची गरज आधीही नव्हती, हा आजार रक्तातून पसरतो, जेवणातून नाही. दाढीचं ब्लेड आणि ब्रश मात्र प्रत्येकाचा वेगळाच हवा, आणि तुम्हीही एकदा टेस्ट करून घ्या. अँटीबॉडी असली तरी पुन्हा लागण होऊ शकते हेही तुमच्या मिस्टरांना सांगा.

एक विचारायचं राहिलं, उपचाराआधी फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते बघणारी तपासणी) केला होता का? सिरॉसिस (लिव्हर आकसून कडक होणं) निघाला असेल तर विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी चालूच ठेवायची आणि दारू कायमची बंद. तो रिपोर्ट शोधा आणि साखरेसाठी जाल तेव्हा बरोबर न्या.